आरशाच्या पॉलिशसाठी सिरियम ऑक्साइड : एका पाकिटाचे परीक्षण

दुर्बिणीचा आरसा स्वतः घासून तयार करणाऱ्यास, सिलिकॉन कार्बाइडच्या खरखरीत पावडरीने घासण्याच्या सगळ्या पायऱ्या संपल्यावर जी पावडर लागते, त्या सिरियम ऑक्साइडचे पाव किलोचे एक पाकीट मी ऑनलाइन मागवले होते. दीडशे मिलिमीटर व्यासाच्या आरशाचे पॉलिश त्यावर पूर्ण झाले असून पावडर अजून बरीच उरली आहे.

पाकिटावर ‘99.9 टक्के शुद्ध’ असे ठळक छापलेले आहे. कणांचा आकार मात्र कुठेही दिलेला नाही. जे सांगायला हवे ते गाळून, ज्याचा फारसा उपयोग नाही ते ठसवायचे, असा हा प्रकार आहे. शिवाय शुद्ध सिरियम ऑक्साइड फिकट पिवळसर असते, आणि ही पावडर गुलाबीसर तपकिरी निघाली. असा रंग बहुधा प्रॅसिओडिमियम या दुसऱ्या धातूच्या अंशामुळे येतो, त्यामुळे शुद्धतेचा दावा मला पटलेला नाही. अर्थात त्याने पॉलिश बिघडत नाही. काचउद्योगात लँथॅनम आणि प्रॅसिओडिमियम मिसळलेली पावडर सर्रास वापरली जाते.

पॉलिशचे गमक सिरियम या धातूच्या रसायनात आहे. सिरियम (अणुक्रमांक 58) 1803 साली स्वीडनमध्ये बर्झेलियस व हिसिंगर यांनी आणि जर्मनीत क्लाप्रोट यांनी स्वतंत्रपणे शोधला. दुर्मिळ मृदा धातूंत त्याची गणना होत असली, तरी भूकवचातील त्याचे प्रमाण जवळजवळ तांब्याइतके आहे. धातुरूपात तो मऊ असतो, हवेत काळवंडतो आणि खरवडल्यास ठिणग्या टाकतो. लोखंड मिसळून लायटरचा खडा त्याच्यापासूनच होतो. त्याचे बहुतेक भाऊबंद +3 या एकाच ऑक्सिडीकरण अवस्थेत (म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावून) रमतात, सिरियम मात्र +3 आणि +4 यांमध्ये सहज ये-जा करतो. याच गुणामुळे मोटारीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये त्याचे ऑक्साइड प्राणवायू जादा झाला की साठवते आणि कमी पडला की सोडते. काचेवर पाण्याच्या सान्निध्यात ते सिलिकाशी बंध जोडते आणि पृष्ठभागाचा अतिसूक्ष्म थर ओढून नेते. म्हणजे येथे घर्षणाबरोबर रसायनही काम करते. नुसत्या कठीणपणावर भागले असते, तर हिऱ्याची भुकटी पुरली असती.

प्रत्यक्ष कामात पावडरचा वेग समाधानकारक वाटला. आयर्न ऑक्साइडच्या जुन्या लाल रूजपेक्षा ती कितीतरी लवकर काच उजळते आणि हातांना, कपड्यांना तसे हट्टी डागही पडत नाहीत. भिंगातून पाहता आरशाच्या मध्यभागाची चरे लवकर गेली. कडेच्या चरांनी, नेहमीप्रमाणे, संयम पाहिला.

तक्रार आहे ती जाड कणांची. पावडर पाण्यात कालवून थेट पिचवर (पॉलिश करण्याच्या साधनावरील डांबरासारख्या थरावर) लावली, तेव्हा काचेवर केसासारखा एक बारीक ओरखडा उठला. त्यानंतर मी मिश्रण दाट विणीच्या सुती कापडातून गाळले, क्षणभर स्थिर ठेवले, वरचे दुधाळ पाणी दुसऱ्या बाटलीत निथळून घेतले आणि तळाचा गाळ फेकून दिला. मग नवा ओरखडा आला नाही. कणांची प्रतवारी नीट केलेल्या पावडरला एवढा खटाटोप लागू नये. पाकीटही साध्या प्लॅस्टिकचे असून एकदा फोडले की बंद होत नाही, आणि उघड्या पाकिटात बाहेरची वाळू किंवा मागच्या पायरीचा सिलिकॉन कार्बाइडचा कण जाणे परवडणारे नाही. कोरडी पावडर काढताना मास्क लावावा. तशी सूचनाही पाकिटावर हवी होती.

फुको चाचणीत (आरशावरून परतलेला प्रकाश धारदार पात्याने अडवून पृष्ठभागाचे दोष पाहतात, त्या चाचणीत) पृष्ठभागावर किंचित रवाळपणा दिसला, परंतु तो पावडरपेक्षा माझ्या घाईच्या हातांचाही असू शकेल. ज्यांना अगदी गुळगुळीत पृष्ठभाग हवा आहे, त्यांनी शेवटचा हात रूजचा द्यावा. पहिला आरसा करणाऱ्याने, गाळण्या-निथळण्याची तयारी असेल तर, ही पावडर घेण्यास हरकत नाही. महागड्या काचेवर काम करणाऱ्याने मात्र मायक्रॉनमध्ये कणांचा आकार छापलेलीच पावडर घ्यावी.