एमबीए अर्धवट: क्रेडिट न्यायचे की नव्याने सुरुवात?

नाशिकच्या कॉलेजात एमबीएचं पहिलं वर्ष झालं आणि नोकरीसाठी मुंबई गाठावी लागली, तर दोन वाटा उरतात. पहिली, क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या विषयांसाठी जमा झालेले अभ्यासाचे एकक, सोबत नेण्याची. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार ते अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या ऑनलाइन खात्यात) जास्तीत जास्त 7 वर्षं टिकतात. पण किमान 50 टक्के क्रेडिट पदवी देणाऱ्या संस्थेतूनच मिळवावे लागतात. शिवाय नवी संस्था विषय जुळतात का ते पाहते. न जुळलेले पेपर पुन्हा द्यावे लागू शकतात! म्हणून फी भरण्याआधी कोणते विषय धरले जातील, हे लेखी घ्याच. दुसरी वाट म्हणजे पुन्हा सीईटी, पुन्हा पहिलं वर्ष, पुन्हा फी. विषय फारच वेगळे निघाले तरच मी ती सुचवेन.