स्मार्टवॉचची केस: ॲल्युमिनियम, स्टील की टायटॅनियम? कोल्हापुरात घेणाऱ्यांसाठी तुलना

उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहती पोटात घेऊन वाढलेल्या शहराला धातूची नव्याने ओळख करून द्यायला नको. ॲल्युमिनियम लेथवर लोण्यासारखं कापलं जातं, एस. एस. ३१६ हे स्टेनलेस स्टील कापायचं टूल खातं, आणि टायटॅनियमचं नाव काढलं की टर्नर आधी कूलंट सुरू आहे का ते बघतो. घड्याळात मात्र हेच धातू जरा वेगळे वागतात. तिथे वर काच असते, आत चिकटवलेली बॅटरी असते आणि सगळा ऐवज दिवसाचे पंधरा तास घामाला लागून बसलेला असतो. जुनं स्मार्टवॉच बदलून तीस-चाळीस हजार जादा घालायची तयारी असेल, तर ते पैसे नेमके कशाला जातात हे आधी बघायला हवं.

केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची चौकट, बदलल्याने काय बदलत नाही, ते आधी सांगतो. एकाच मॉडेलमध्ये प्रोसेसर आणि हृदयाचे ठोके मोजणारा सेन्सर तोच असतो. पाणी सोसायची ताकदही तीच असते, कारण पाणी धातू अडवत नाही, रबरी सील आणि स्क्रीनभोवतीचा गोंद अडवतो. ५० मीटरचं रेटिंग असलेलं ॲल्युमिनियमचं आणि टायटॅनियमचं घड्याळ पाण्यात सारखंच टिकतं. साबण, शॅम्पू आणि गरम वाफेने सील खराब होतं, तेही दोघांचं सारखंच. ‘टायटॅनियम आहे, पोहायला चालेल’ असं कोणी विकत असेल तर ते कारण चुकीचं आहे.

धातूच्या आधी काच

माझं ठाम मत आहे की वरच्या किमतीच्या घड्याळात सगळ्यात जास्त कामाला येते ती काच, केस नंतर. कारण साधं आहे. घराची किल्ली, गाडीचं हँडल, पान्याचा दांडा हे सगळं पोलादाचं, आणि पोलाद घड्याळाच्या काचेला सहसा चरा पाडू शकत नाही. चरा पाडते वाळू. वाळूतल्या क्वार्ट्‌झचा कठीणपणा मोहस मापावर (१ ते १०, जास्त आकडा म्हणजे जास्त कठीण) ७ आहे. ॲपलची आयन-एक्स किंवा गोरिला ग्लाससारखी बळकट केलेली काच त्याच्या किंचित खालीच राहते. सफायर क्रिस्टल, म्हणजे काचेच्या जागी बसवलेला कृत्रिम नीलमणी, ९ वर आहे, म्हणून वाळूचा कण त्यावर घासला तरी चरा उठत नाही.

फौंड्रीत काम करणाऱ्याला हे लगेच पटेल. मोल्डिंगची वाळू, कोअरची वाळू, फेटलिंगला, म्हणजे ओतीव काम घासून साफ करताना, उडणारी धूळ, हे सगळं सिलिकाच, म्हणजे वाळूतला तोच क्वार्ट्झ. शिफ्ट सुटताना माणूस सवयीने शर्टाच्या बाहीने घड्याळ पुसतो. बाहीच्या विणीत अडकलेला एक कण काचेवर दाबला जातो आणि एक इंच सरकतो. ट्यूबलाइटखाली बघितलं तर केसाएवढी पांढरी रेघ दिसते, आणि ती नंतर कशानेच जात नाही. कोरडं पुसणं हेच मूळ दुखणं. आधी नळाच्या बारीक धारेखाली घड्याळ धरायचं, कण वाहून गेल्यावर मऊ कापडाने टिपायचं. अँगल ग्राइंडरच्या ठिणग्या त्याहून वाईट, कारण तापलेला कण काचेत रुतून बसतो आणि काळा ठिपका राहतो. ग्राइंडर, लेथ किंवा ड्रिलवर असताना घड्याळ काढूनच ठेवावं. फिरत्या जॉबमध्ये पट्टा अडकला तर प्रश्न घड्याळाचा राहत नाही, हाताचा होतो.

सफायरच्याही दोन उण्या बाजू आहेत. तो कडक आहे तसाच ठिसूळ आहे. कडेवर शहाबादी फरशीचा नेमका फटका बसला तर काचेपेक्षा लवकर तडकू शकतो. दुसरं, त्याचा अपवर्तनांक १.७७, काचेचा साधारण १.५. म्हणजे चकाकी कमी करणारा लेप नसेल तर सफायरवरून उजेड जवळपास दुप्पट परावर्तित होतो. एप्रिलच्या उन्हात गाडीवरून वेळ बघताना हे जाणवतं.

ॲपलच्या घड्याळांत काच आणि केस यांची जोडी ठरलेली आहे. ॲल्युमिनियमवर आयन-एक्स, स्टील आणि टायटॅनियमवर सफायर. २०२४ साली ॲपल वॉच सिरीज १० भारतात आली तेव्हा ॲल्युमिनियमची किंमत ४६,९०० रुपयांपासून आणि टायटॅनियमची ७९,९०० रुपयांपासून होती. मधल्या ३३,००० रुपयांत नुसता धातू नाही. सफायर आणि मोबाइल नेटवर्कची सोयही त्यात धरलेली आहे. नेटवर्क वापरणारच नसाल तर तेवढा भाग वाया जातो. सॅमसंगने मात्र गॅलेक्सी वॉच ७ या ॲल्युमिनियमच्या घड्याळावरही सफायर दिला होता. वाळूत आणि धुळीत काम आणि बजेट मर्यादित, अशा माणसाला ही जोडी सगळ्यात फायद्याची.

ॲल्युमिनियम

हलकं, स्वस्त, आणि उगाच बदनाम झालेलं. घनता २.७, स्टीलच्या एक तृतीयांश. सिरीज १० चं ४६ मिमीचं ॲल्युमिनियम घड्याळ ३६.४ ग्रॅम भरतं. त्याचा रंग हा रंगकाम नसून ॲनोडायझिंग आहे, म्हणजे ॲल्युमिनियमचाच ऑक्साइड वाढवून त्यात रंग मुरवलेला असतो. हा थर कठीण असतो, पण अगदी पातळ, आणि त्याच्या खालचा धातू मऊ. व्यायामशाळेत बारबेलच्या नर्लिंगवर (पकडीसाठी कोरलेल्या खरबरीत भागावर) कड आपटली की थर फुटतो आणि खाली पोचा पडतो.

काळ्या किंवा गडद घड्याळावर तो पोचा चांदीसारखा चमकतो आणि रोज डोळ्यात खुपतो. म्हणून ॲल्युमिनियम घेणार असाल तर चंदेरी किंवा फिकट रंगच घ्या. शिरोलीत पुन्हा ॲनोडायझिंग करून मिळेल का, असा विचार कोणाच्या मनात येईल. पण त्यासाठी केस पूर्ण रिकामी करून आम्लाच्या टाकीत बुडवावी लागते. जोडलेल्या घड्याळाला ते शक्य नाही. आणखी एक चूक टाळण्यासारखी: ॲल्युमिनियमच्या केसला स्टीलचा साखळी पट्टा लावू नका. पट्ट्याचं कठीण टोक केसच्या मऊ खाचेत घासत राहतं, आणि थर गेलेल्या जागी घामाच्या मिठाने पांढरी भुकटी धरायला लागते.

स्टील

घड्याळांत वापरतात ते बहुतेक ३१६एल जातीचं स्टेनलेस स्टील. त्यात क्रोमियम १६ ते १८ टक्के, निकेल १० ते १४, मॉलिब्डेनम २ ते ३ टक्के. हे मॉलिब्डेनमच घामातल्या क्लोराइडला तोंड देतं. तरी पावसाळ्यात रेनकोटच्या बाहीत घड्याळ तासन्‌तास ओलं राहिलं आणि पट्ट्याच्या खाचेत घाम साठला, तर तिथे तपकिरी डाग दिसू शकतो. आठवड्यातून एकदा पट्टा काढून खाच गोड्या पाण्याने धुतली की पुरतं.

स्टीलचं वजन ही खरी अडचण. सिरीज ९ मध्ये ४५ मिमीचं ॲल्युमिनियम ३९ ग्रॅमच्या आसपास, तर स्टील ५१.५ ग्रॅम. फरक जेमतेम पाच रुपयांच्या दोन नाण्यांएवढा. रंकाळ्यावर चालताना तो कळणार नाही, पण पळताना जड घड्याळ मनगटावर सरकतं, सेन्सर आणि कातडी यांच्यात फट पडते आणि ठोक्यांचा आकडा भलतीकडे जातो. पळायच्या वेळी पट्टा एक भोक घट्ट करा आणि घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर घ्या.

स्टीलची मोठी जमेची बाजू म्हणजे त्याची झिलई परत आणता येते. चकचकीत स्टीलवर बारीक ओरखडे महिन्याभरात दिसतातच, कारण ३१६एल तसं मऊच, साधारण १५० ते २०० विकर्स (धातूचा कठीणपणा मोजायचं माप). पण लेप नसलेलं चंदेरी स्टील घरीही उजळतं. घड्याळ बंद करा, पट्टा काढा. माइकची आणि स्पीकरची छिद्रं, क्राउन (कडेचं फिरणारं बटण), मागची बाजू आणि काच मास्किंग टेपने झाका. काच झाकायची ती चरा पडेल म्हणून नव्हे. तिच्यावरचा तेल न धरणारा लेप पॉलिशने उडतो म्हणून. मग धातूच्या पॉलिशच्या कापडाने हलक्या हाताने, थांबत थांबत पाचेक मिनिटं घासा. शेवटी कोरड्या सुती कापडाने पुसून टेप काढा.

गुजरीत दागिन्यांना बफ मारतात तसा मशीनचा बफ याला मारून घेऊ नका. कारागीर कितीही कसलेला असला तरी बफची उष्णता स्क्रीनच्या गोंदापर्यंत जाते, गोंद सैल होतो आणि पहिल्याच जोराच्या पावसात आत बाष्प दिसतं. पॉलिशची लाल मेणकट पेस्ट स्पीकरच्या छिद्रात वाळली की आवाज कायमचा दबतो. काळ्या स्टीलला तर हातही लावायचा नाही. तो काही मायक्रॉनचा लेप असतो, घासून तो उजळत नाही, निघतो.

ॲपलने सिरीज १० पासून स्टील बंद करून त्याजागी टायटॅनियम आणलं. नवं स्टील हवं असेल तर सॅमसंगचं गॅलेक्सी वॉच ८ क्लासिक आहे, वजन ६३ ग्रॅमच्या पुढे. सिरीज ९ चं स्टील जुनं मिळालं तर आधी सेटिंगमध्ये बॅटरीची कमाल क्षमता बघा. ती ८० टक्क्यांच्या खाली गेली असेल तर चमकत्या केसला भुलू नका, बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मगच बोला.

टायटॅनियम

यात बहुधा ग्रेड ५ असतो: ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम, बाकी टायटॅनियम. घनता ४.४३, म्हणजे स्टीलच्या निम्म्याहून जरा जास्त. सिरीज १० चं ४६ मिमीचं घड्याळ टायटॅनियममध्ये ४१.७ ग्रॅम भरतं, ॲल्युमिनियमपेक्षा पाचच ग्रॅम जास्त. कठीणपणा साधारण ३५० विकर्स. म्हणजे पोचे स्टीलपेक्षा कमी पडतील, पण वाळूपुढे तेही हरतं. ‘टायटॅनियमला ओरखडा पडत नाही’ हे सपशेल खोटं. फरक इतकाच, की ब्रश केलेल्या करड्या पृष्ठभागावर ओरखडा मिसळून जातो. चकचकीत टायटॅनियमवर तो दिसतो आणि घरी निघत नाही, कारण हा धातू पॉलिशला चिवट आहे. म्हणून जिथे पर्याय असेल तिथे नैसर्गिक करडा, ब्रश केलेलाच रंग घ्या. बोटांचे काळसर डाग पडले तर घाबरू नका, ओल्या कापडाने जातात.

महाग का, हे मशीन शॉपमधल्या माणसाला विचारा. टायटॅनियम उष्णता नीट वाहून नेत नाही. ग्रेड ५ ची उष्णता वाहण्याची क्षमता ॲल्युमिनियमच्या वीस-पंचवीस पटीने कमी. त्यामुळे कापतानाची सगळी उष्णता टूलच्या टोकावर साठते. गती कमी ठेवावी लागते, कूलंट भरपूर लागतो, टूल लवकर जातात आणि बारीक चिप्सना आग लागू शकते. त्या पैशात तुम्हाला मिळतं ते म्हणजे घाम आणि मिठापुढे जवळजवळ पूर्ण अभय. गगनबावड्याच्या पावसात आठवडाभर ओलं राहिलं तरी डाग नाही.

खाजेचा मुद्दाही इथेच येतो. बेंटेक्सच्या दागिन्याने किंवा जीन्सच्या बटणाने ज्यांच्या कातडीला चट्टे उठतात, त्यांना बहुधा निकेल सोसत नाही. त्यांच्यासाठी टायटॅनियम सुरक्षित. पण पट्ट्याचं बकल स्टीलचं असेल तर चट्टा तिथे उठू शकतो, तेही तपासा. आणि ज्यांना फक्त पट्ट्याखाली लालसर होतं, त्यांची तक्रार बऱ्याचदा धातूची नसते, अडकलेल्या साबणाची आणि ओलाव्याची असते.

सिरॅमिकबद्दल थोडक्यात: ते झिर्कोनिया असतं, कठीणपणा १,२०० विकर्सच्या वर, वर्षानुवर्षं नव्यासारखं. पण फरशीवर पडलं तर पोचा पडत नाही, तडा जातो. ॲपलने सिरीज २, ३ आणि ५ मध्ये दिलं आणि नंतर बंद केलं. आज त्यासाठी जुनं घड्याळ शोधण्यात अर्थ नाही.

दुकानात बघताना

राजारामपुरीत किंवा महाद्वार रोडवर घड्याळ हातात आलं की खोक्यावरचे शब्द नीट वाचा. ‘टायटॅनियम कलर’ किंवा ‘टायटॅनियम फिनिश’ म्हणजे टायटॅनियम नव्हे. खाली बहुतेकदा जस्ताचा मिश्रधातू असतो आणि त्याचा मुलामा कडांना उडतो. काही चांगल्या कंपन्यांच्या घड्याळांत वरचं कडं तेवढं टायटॅनियमचं आणि बाकी केस प्लॅस्टिकची असते. गार्मिनच्या फेनिक्समध्ये असं असतं, आणि त्यात फसवणूक नाही, फक्त माहीत असावं. लोहचुंबक लावून काही कळत नाही, कारण ॲल्युमिनियम, टायटॅनियम, जस्त यांपैकी काहीच चिकटत नाही आणि ३१६एलही जवळजवळ नाहीच. वजन मात्र खोटं बोलत नाही. पट्टा काढायला सांगा, सराफाच्या काट्यावर ठेवा आणि कंपनीने जाहीर केलेल्या आकड्याशी ताडून बघा. मग काच उजेडाकडे तिरकी धरून चरे बघा आणि क्राउन पूर्ण एक फेरा फिरवा. अडखळत असेल तर ते घेऊ नका.

वापरातल्या घड्याळाचा क्राउन अडकला, समजा गुऱ्हाळावर काकवीचा हात लागला, तर तेल घालायचं नाही. घड्याळ बंद करून कोमट गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली १० ते १५ सेकंद क्राउन दोन्हीकडे फिरवायचा, साबण न लावता.

आता कोणी काय घ्यावं. फौंड्री, मशीन शॉप, बांधकाम: सफायर असलेलं ॲल्युमिनियम, किंवा स्क्रीनभोवती कड उंच असलेलं टायटॅनियम, ॲपल वॉच अल्ट्रासारखं. अल्ट्रा २ चं वजन ६१ ग्रॅम, बारीक मनगटाला ते मोठं होतं. घालून मनगट वाकवून बघा, क्राउन हातात रुततो का ते. पळणारे आणि व्यायामशाळेत जाणारे: फिकट ॲल्युमिनियम, आणि वजन उचलताना घड्याळ काढून ठेवायचं. ऑफिस, लग्नकार्य, शर्टाच्या कफाखाली: चंदेरी स्टील. निकेलची खाज असेल किंवा पावसात रोजचा प्रवास असेल तर करडं टायटॅनियम, आणि इथे जादा पैसे खुशाल घाला.

विद्यार्थ्यांनी आणि दर तीन वर्षांनी घड्याळ बदलणाऱ्यांनी टायटॅनियमच्या मागे लागू नये. केस वीस वर्षं टिकेल, पण बॅटरी तीन-चार वर्षांत दमते. वाचलेल्या पैशांत एक जादा सिलिकॉनचा पट्टा घ्या. एक वाळत असताना दुसरा हातावर, आणि पावसाळ्यात कातडी कोरडी राहायला याहून स्वस्त उपाय नाही.