जगाच्या इतिहासाचा भिंतीवरचा तक्ता: पावसाळाभर वापरल्यावर

उन्हाळ्यात ऑनलाइन मागवलेला हा इंग्रजी तक्ता नाशिकला गंगापूर रोडच्या घरी हॉलची अख्खी भिंत अडवून बसलाय. डावीकडून उजवीकडे काळ पुढे सरकतो आणि वरून खाली प्रदेशांच्या पट्ट्या आहेत. बोट सरळ खाली ओढलं की एका काळातली माणसं सापडतात. माझ्यासाठी सगळी किंमत याच एका गोष्टीत वसूल झाली.

मी सावानातून, म्हणजे सार्वजनिक वाचनालयातून, पुस्तकं आणून वाचतो. ग्रीसचं पुस्तक वेगळं, बौद्ध धर्माचं वेगळं. इ.स. ५२९ मध्ये रोमन सम्राट जस्टिनियनने अथेन्समध्ये तत्त्वज्ञान शिकवणं बंद केलं, तेव्हा इकडे नालंदा भरात होती, हे तक्त्यापुढे उभं राहीपर्यंत कधी डोक्यातच आलं नव्हतं. तसंच हिजरतीचं, म्हणजे मुहम्मद पैगंबर मक्का सोडून मदिनेला गेले त्याचं. इ.स. ६२२ ला ती घडली आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आतच बौद्ध भिक्षू ह्युएन त्संग चीनहून भारताकडे निघाला.

मोठा दोष म्हणजे तक्ता फार ठाम बोलतो. बुद्धाचा काळ इ.स.पू. ५६३ ते ४८३ असा जाड रेषेत छापलाय. आज बरेच अभ्यासक महापरिनिर्वाण इ.स.पू. ४०० च्या आसपास धरतात. हा फरक किरकोळ नाही. ४८३ धरलं तर सॉक्रेटिस जन्मण्याआधीच बुद्ध गेलेला. ४०० धरलं तर दोघं समकालीन, कारण सॉक्रेटिस ३९९ ला विष प्याला. अशा जागी तुटक रेषा हवी होती. मी पेन्सिलीने काढून घेतली.

राजांना रुंद पट्ट्या, विचारवंतांना ठिपके! बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन तर नाहीच. सातवाहन आहेत, पण नुसतं घराण्याचं नाव. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला. याची चिठ्ठी मी स्वतः चिकटवली. पांडवलेण्यातल्या सतराव्या लेण्याची चिठ्ठी मात्र अजून हातातच आहे. ते कोरवून घेणारा इंद्राग्निदत्त शिलालेखात स्वतःला उत्तरेकडचा, दात्तामित्री नगरातला यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवतो, बापाचं नाव धम्मदेव सांगतो आणि दान देतो बौद्ध संघाला. याला ग्रीसच्या पट्टीत घालायचं की भारताच्या?

पाहुणे येतात आणि आधी शिवाजी महाराज शोधतात. सापडतो फक्त ‘मराठा’ हा शब्द, तोही चष्मा लावल्यावर.

कागद जाड आहे, रंग टिकलेत. लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते, त्यामुळे रात्री मधला भाग वाचताच येत नाही. ओल धरणाऱ्या भिंतीवर टेप टिकली नाही, शेवटी लाकडी पट्टीवर खिळे ठोकले. यूपीएससीवाल्यांना एवढ्याने भागणार नाही. हौसेने वाचणाऱ्याने जरूर घ्यावा, पण आधी भिंत मोजावी. गुंडाळून कपाटात ठेवणार असाल तर पैसे वाया.