कोल्हापुरात बसून अमेरिकेचा स्पाउस व्हिसा: सोळा महिन्यांचा अनुभव

नवरा अमेरिकन नागरिक, मी कोल्हापूरची. लग्नानंतर आम्ही दोघंही शाहूपुरीतच राहिलो. म्हणजे अर्ज करणारा आणि जिच्यासाठी अर्ज ती, दोघंही अमेरिकेबाहेर. असं चालतं का? चालतं. आय-१३०, म्हणजे नवऱ्यानं बायकोसाठी करायचा पहिला अर्ज, इथूनच ऑनलाइन भरला. तेव्हा फी ६२५ डॉलर होती, कागदी अर्जाला ६७५. एका रविवारी फॉर्म भरून झाला. एजंट लावायची काहीच गरज नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

खरा वेळ खाल्ला तो माझ्या जन्मदाखल्यानं. बारशाआधीच नोंद झालेली, त्यामुळे नावाच्या रकान्यात नुसती रेघ. पुढं नाव घालायला कुणी गेलंच नाही. "पासपोर्ट आहे, शाळेचा दाखला आहे, मग अडतंय कुठं?" असं बाबा रोज विचारायचे. पण जन्म जिथं नोंदवला तिथलाच दाखला लागतो, आणि त्यावर माझं आणि आईबाबांचं नाव हवं. नाव समाविष्ट करण्याचा अर्ज, शाळा सोडल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र यात दोन महिने गेले. त्यात नोंदीत आईचं माहेरचं नाव, माझ्या पासपोर्टवर सासरचं. दोन्ही नावांची बाई एकच, यासाठी आई कसबा बावड्याला कोर्टात येऊन नोटरीसमोर सही करून गेली. सही करताना तिनं माहेरचं नाव कितीतरी वर्षांनी लिहिलं, दोनदा थांबली. तुमचा दाखला आजच काढून बघा, लग्न ठरायच्या आधी बघितलात तर आणखी बरं.

दुसरी अडचण नवऱ्याच्या बाजूची. आय-८६४, म्हणजे बायकोचा खर्च उचलण्याची हमी, भरणाऱ्याचं वास्तव्य अमेरिकेत असावं लागतं, किंवा तो बायकोबरोबर परत जाऊन तिथं राहणार हे दाखवावं लागतं. तो तीन वर्षं इथं. पण तिथलं बँक खातं चालू होतं, टॅक्स रिटर्न दरवर्षी भरलेले (बाहेर राहूनही ते भरायचेच असतात), आणि तिथं राहणाऱ्या दिरांनी "हे दोघं आमच्या घरी राहतील" असं पत्र दिलं. त्याचा इथला पगार मात्र मोजला गेला नाही, कारण तिकडे गेल्यावर ती नोकरी राहणार नव्हती. उत्पन्न गरिबीरेषेच्या १२५ टक्के दाखवायला दीर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे जोडीचे हमीदार झाले. त्यांचा वेगळा आय-८६४, वेगळे टॅक्सचे कागद. ते ऋण मी विसरणार नाही.

पुढच्या टप्प्याची फी होती व्हिसा अर्जाची ३२५ आणि आय-८६४ची १२० डॉलर. पोलीस क्लिअरन्स पासपोर्टच्या पोर्टलवरून, तो सुरळीत झाला.

मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं दोनदा गेलो. एकदा मेडिकलला: छातीचा एक्स-रे, रक्त, राहिलेल्या लसी. दुसऱ्यांदा बोटांचे ठसे आणि मग बीकेसीत अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखत. मोबाइल आत नेता येत नाही, तो बाहेर कुणाकडे तरी ठेवायची सोय करून जा. मी लग्नाचा अख्खा अल्बम नेला होता. अधिकाऱ्यांनी सासूबाई माझी ओटी भरताहेत तो फोटो बघितला, आम्ही कुठं राहतो ते विचारलं, आणि पाच-सात मिनिटांत झालं.

व्हिसा हातात आला तेव्हा लग्नाला एकवीस महिने झाले होते. दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत अमेरिकेत पाऊल ठेवलं तर ग्रीन कार्ड अटीचं, दोनच वर्षांचं मिळतं, आणि ती अट काढायला पुन्हा अर्ज, पुन्हा फी. मेडिकलपासून व्हिसाची मुदत सहा महिने, म्हणून थांबायला जागा होती. तिकीट लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसानंतर बारा दिवसांनी काढलंय. विमानतळावर अधिकाऱ्याला लग्नाची तारीख दाखवायची म्हणून लग्नाचा दाखला हातातल्या पिशवीत ठेवलाय, बॅगेत नाही.