"राजवाडा आज बंद आहे" असं सांगणाऱ्यासमोर थांबूसुद्धा नका

१९,३९५ थाई बाथ. त्यातले १८,५०० नीलमच्या पेंडंटचे आणि कानातल्यांचे, ५५५ कार्डाने पैसे दिले म्हणून वर लावलेले ३ टक्के, ४० टुकटुकचे आणि ३०० परतीच्या टॅक्सीचे. शेवटचे ३०० मला सगळ्यात जास्त झोंबतात, कारण काहीतरी गडबड आहे हे तोवर कळलं होतं, आणि तरी मुकाट्याने द्यावे लागले.

बँकॉकमधली ही तऱ्हा जुनी आहे. ग्रँड पॅलेस, म्हणजे तिथला राजवाडा, बंद असल्याचं सांगणारा गोड माणूस, फुकटच्या भावात टुकटुक, मध्ये एखादं देऊळ आणि शेवटी रत्नांचं नाहीतर शिंप्याचं दुकान. तुम्ही म्हणाल, एवढं ठाऊक असून फसलात कशा? घरातलेही हेच विचारताहेत, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. मी जे वाचलं होतं त्यात दलाल लोचट असतो, मागे लागतो, बाही ओढतो. आमच्याकडे आलेला माणूस मागे लागलाच नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात फोटोचं ओळखपत्र, हातात मोठी काळी छत्री. तो आधी माझ्याशी बोललाही नाही, नवऱ्याशीही नाही. सरळ वाकला आणि छत्री बाबागाडीवर धरली.

लहान मुलं बरोबर असली की परक्या शहरात माणूस काय बघतो? सावली कुठे आहे, बाथरूम कुठे आहे, पाणी कुठे मिळेल. राजवाडे वगैरे नंतर. आम्ही था चांग धक्क्यावर बोटीतून उतरून पांढऱ्या भिंतीच्या कडेने चाललो होतो. ऊन असं की बाबागाडीची दांडी हाताला चटके देत होती. धाकटा रडून लाल झालेला. मोठीला शू लागलेली, आणि ती ते दर मिनिटाला जाहीर करत होती. अशा वेळी जो सावली धरतो आणि "टॉयलेट या बाजूला आहे" म्हणून बोट दाखवतो, तो आपल्याला देवमाणूसच वाटतो. ही मंडळी नेमकी अशीच कुटुंबं हेरतात, हे मी आता ठामपणे सांगते. आमच्या पुढेमागे पाठीवर पिशव्या टाकलेली तरुण पोरं चालली होती. त्यांच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

मग सुरू झालं. आज बौद्धांचा मोठा दिवस, आत प्रार्थना चालू आहे, एक वाजेपर्यंत फक्त थाई लोकांना प्रवेश. "एक वाजता या ना, आत्ता लेकरांना उन्हात कशाला उभं करता?" खिशातून नकाशा काढला, पेनाने गोल केले. इथे ३२ मीटर उंच उभा बुद्ध, इथे 'लकी बुद्ध', आणि इथे 'सरकारी एक्स्पोर्ट सेंटर', तिथे वर्षातून एकदाच करमाफी असते आणि तिचा आज शेवटचा दिवस. पांढऱ्या पाटीची टुकटुक सरकारी, तीच घ्या, बाकीचे लुटतात! (हे तो म्हणाला. लुटतात म्हणे.) तिन्ही ठिकाणं ४० बाथमध्ये. आणि अगदी योगायोगाने एक टुकटुक तिथेच उभी. लेक बँकॉकला उतरल्यापासून टुकटुकसाठी मागे लागली होती, ती तर आम्ही हो म्हणायच्या आत चढून बसली.

आता खरी जखम. हे सगळं चालू असताना राजवाड्याच्या गेटच्या बाजूने भोंग्यावर इंग्रजीत घोषणा चालू होती. ग्रँड पॅलेस रोज साडेआठ ते साडेतीन उघडा असतो, अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका. तीच तीच, पुन्हा पुन्हा. मी ती ऐकली. म्हणजे कानावर पडली. पोराच्या रडण्यात, बसच्या आवाजात आणि त्या माणसाच्या बोलण्यात ती कुठल्याशा देवळातली सूचना असेल असं वाटून मी सोडून दिली. त्या माणसाने मात्र सोडली नव्हती, कारण घोषणा सुरू झाली की तो जरा मोठ्याने बोलायचा आणि मोठीच्या गालाला हात लावून तिला हसवायचा. त्याची ही युक्ती मला हॉटेलच्या खोलीत रात्री दोन वाजता उमगली. तीस पावलं पुढे जाऊन गेटवर नुसतं विचारलं असतं तरी पुरलं असतं! पण कडेवर एक, हाताला एक, अशा अवस्थेत तीस पावलं किती लांब असतात हे ज्यांना मुलं नाहीत त्यांनी मला शिकवू नये.

उभा बुद्ध खरा आहे. वाट इंथराविहान नावाचं देऊळ आहे, मूर्ती खरंच भव्य, सोनेरी तुकड्यांनी मढवलेली, आणि तिच्या पायाच्या बोटांएवढीसुद्धा माझी मुलं नव्हती. म्हणूनच तर गाडी रुळावर राहते, पहिला थांबा खरा असतो. 'लकी बुद्ध' नावाचं देऊळ मात्र नसतंच. कुठल्याही गल्लीतल्या शांत देवळासमोर उतरवतात आणि तेच लकी म्हणून सांगतात. तिथे सावलीत एक सद्गृहस्थ बसले होते. नीटनेटके, चांगलं इंग्रजी, स्वतः वकील म्हणाले. गप्पांच्या ओघात त्यांनी बायकोसाठी कालच नीलम घेतल्याचं सांगितलं. कुठून? त्याच 'सेंटर'मधून. मुलांकडे बघून म्हणाले, लेकीसाठी गुंतवणूक करायची तर आजचाच दिवस. एका तासात, दोन वेगळ्या जागी, दोन अनोळखी माणसं एकाच दुकानाचं नाव घेतात आणि दोन शिकलेली माणसं त्याला 'खात्री पटली' म्हणतात. नवरा म्हणाला, बघायला काय जातंय. बघायला १९,०५५ गेले.

दुकानाबद्दल फार लिहीत नाही, बिचकणं जाईल अशीच सगळी सोय असते. थंडगार एसी, मुलांना रंगवायची पुस्तकं आणि सरबत, एक मुलगी तर धाकट्याला खेळवायला बसली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू, खुर्चीत नीट टेकायला मिळालं होतं. २४,००० सांगितले, १८,५०० वर आणले. घासाघीस केल्याचं समाधान वेगळंच. दुकानाच्याच छापखान्यातलं 'प्रमाणपत्र' दिलं. बिलावर फक्त 'दागिने, एक संच'. खड्याचं वजन किती कॅरेट, उष्णता दिलेला आहे का, आत काच भरली आहे का, धातू कुठला, एक अक्षर नाही. पेंडंट डबीत घालून ती डबी चिकटपट्टीने पक्की बंद केली, "विमानतळावर उघडू नका" म्हणून. उघडू नका म्हणणाऱ्याच्या समोरच उघडायची असते, लक्षात ठेवा.

आणि ती करमाफी! थायलंडमध्ये व्हॅट ७ टक्के आहे आणि परदेशी पर्यटकाला तो परत मिळण्याची सोय वर्षभर असते. एका दुकानात एका दिवशी किमान २,००० बाथची खरेदी लागते, दुकानदार पासपोर्ट बघून फॉर्म भरून देतो आणि परतावा विमानतळावर मागावा लागतो. 'आजचा शेवटचा दिवस' असलं काही नसतं, आणि खड्यांची एक्स्पोर्ट सेंटरं सरकार चालवत नाही. सरकारी टुकटुकही नसते. ४० बाथमध्ये कुणी तीन ठिकाणी फिरवत नाही. दुकानदार टुकटुकवाल्याला इंधनाची कुपनं आणि कमिशन देतो, म्हणून त्याला परवडतं.

बाहेर आलो तर टुकटुक गायब. उभी असलेली एकमेव टॅक्सी मीटर लावायला तयार नाही, ३०० म्हणाला. तिथला मीटर ३५ बाथपासून सुरू होतो. धाकटा झोपलेला, मोठी भुकेने रडवेली, बसलो. राजवाड्याच्या गेटवर पोचलो तर माणसांचा पूर लोटलेला. पहारेकऱ्याला विचारलं, एक वाजता उघडलं ना? तो माझ्याकडे बघून नुसता हसला आणि बाजूच्या फलकाकडे बोट केलं. सकाळी साडेआठपासून उघडाच होता. आम्ही आत गेलोच नाही. सीलोम रस्त्याकडच्या एका सोनाराकडे गेलो. त्याने भिंग लावलं, दोन मिनिटांत परत दिलं. नीलम खरा आहे, पण हलक्यातला, बरीच प्रक्रिया केलेला. कोंदण चांदीचं, वर सोन्याचा मुलामा. सगळं मिळून ३,०००, फार तर ३,५००.

'खरा आहे' हेच आमच्या गळ्यात अडकलं. चौकीत गेलो तर टेबलामागच्या माणसाने बिल पाहिलं, प्रमाणपत्र पाहिलं आणि शांतपणे विचारलं, खडा खोटा आहे का? नाही. जबरदस्ती केली का? नाही. किंमत सांगितली होती? हो. सही तुमची? हो. मग हा व्यवहार आहे, गुन्हा नाही. अहो, पण ज्या माणसाने राजवाडा बंद म्हणून खोटं सांगितलं त्याचं काय? त्याचं नाव काय? आता त्याचं नाव मी कुठून आणू! टुकटुकचा नंबर? फोटो काढला नव्हता. मुलांचे टुकटुकमधले फोटो काढले, अठरा-वीस काढले, एकातही नंबर नाही. दुसऱ्या टेबलावर पाठवलं. तिथला माणूस जेवायला गेलेला. आला तर फॉर्म थाई भाषेत. दुभाषा उद्या सकाळी येतो म्हणाले. आमचं विमान उद्या सकाळी. मुलं बाकड्यावर झोपली, मी उभीच. शेवटी त्यांनी दुकानाला फोन लावला आणि हसतखेळत बोलून मला निरोप दिला: सगळा माल घेऊन उद्या स्वतः दुकानात या, ७० टक्के परत देतील. म्हणजे १२,९५०. बाकीचे ५,५५० कशाचे? सरबताचे? आणि 'उद्या' हे दुकान काही उगाच म्हणत नाही, त्यांनी गप्पांत आमचं विमान कधी आहे ते आधीच काढून घेतलं होतं. आत्ता जातो म्हटलं, तर दुकान बंद झालं. घड्याळात साडेपाच.

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने तर ऐकून "ओह, जेम स्कॅम!" असं हसून सांगितलं. ठाऊक होतं तर सकाळी बाबागाडी ढकलत निघालो तेव्हा सांगायला काय झालं होतं?

बँकेची कथा आणखी तऱ्हेवाईक. पिन तुम्हीच टाकलात, त्यामुळे व्यवहार तुमच्या संमतीचा. बरं, वस्तू सांगितल्याप्रमाणे नाही अशी तक्रार घ्या. घेऊ, पण मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल जोडा. अहवाल जोडू, तर दुकानदाराने काय 'सांगितलं' होतं त्याचा लेखी पुरावा द्या. बिलावर तर 'दागिने, एक संच'. दर वेळी नवा माणूस फोनवर, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. एकाने तर उपदेश केला की परदेशात सावध राहावं.

राजवाड्याला जाताना साडेआठलाच जा, ऊन चढायच्या आत, आणि वीसेट चाइश्री गेटपर्यंत कुणाशीही न बोलता चाला. ते गेट ना फ्रा लान रस्त्यावर आहे. राजघराण्याच्या समारंभासाठी राजवाडा क्वचित बंद असतो, पण ते अधिकृत संकेतस्थळावर आधी कळतं, रस्त्यावरच्या छत्रीवाल्याकडून नव्हे. तिकीट परदेशी माणसाला ५०० बाथ, १२० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना फुकट. खांदे-गुडघे झाकणारे कपडे हॉटेलातूनच घालून निघा, म्हणजे त्या कारणानेही कुणाला अडवता येणार नाही. मुलं टुकटुकसाठी हट्ट करणारच, तर संध्याकाळी दोन ओळखीच्या जागांमध्ये भाडं ठरवून फिरवा आणि चढायच्या आधी मागच्या पाटीचा फोटो काढा. खडा घ्यायचाच असेल तर जेम अँड ज्वेलरी इन्स्टिट्यूट ऑफ थायलंडसारख्या संस्थेचं प्रमाणपत्र मागा, दुकानाने स्वतः छापलेलं नको. देत नसतील तर उठा, पोरगं रंगवत असेल तरी उठा.

आणि आजच घेतलं असेल, विमान उद्याचं असेल, तर सोनाराकडे, हॉटेलात, कुठेही वेळ घालवू नका. दुकानाच्या दारातूनच ११५५ वर फोन लावा. ती पर्यटकांसाठीच्या पोलिसांची हेल्पलाइन आहे, इंग्रजीत बोलता येतं. दुकान उघडं असेपर्यंत तिथून हलू नका, मुलं रडली तर रडू द्या, आतच रडू द्या, बाकीच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ दे. विमान कधी आहे हे मात्र कुणालाही सांगू नका.