२२० रुपयांचा पिवळा मल्टिमीटर, स्पीकर अन् हेडफोन घरी तपासायला घेतला, चार महिन्यांनंतर लिहितो

दारव्ह्याच्या बसस्टँड रोडवरून दिवाळीनंतर हा साधा पिवळा डिजिटल मीटर आणला, आत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, सोबत लाल-काळ्या दोन पिना, बस. आणायचं कारण बाबांचे स्पीकर. सामुदायिक प्रार्थना करून आले की बाबा रोज घरी खंजिरी भजनं लावतात, ८ ओहमचे (ओहम म्हणजे तारेत वीज किती अडते त्याचं माप) दोन जुने लाकडी बॉक्स अन् ॲम्प्लिफायर, अन् एक दिवस डावा बॉक्स एकदम गप. एका दुकानात नेला तर त्यानं उघडूनसुद्धा पाहिला नाही, म्हणे कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळली, नवीन टाका, १४०० लागतील. काहून भाऊ, आधी तपास तर!

मीटर २०० ओहमवर ठेवायचा अन् पहिले दोन्ही पिना एकमेकींना टेकवायच्या, माझ्या मीटरवर ०.४ येते, ते पिनांच्या वायरचंच, तेवढं वजा करायचं. मग ॲम्प्लिफायर बंद, स्पीकरची वायर त्याच्यातून काढलेली, अन् पिना स्पीकरच्या दोन टोकांना. बाबांच्या स्पीकरवर ६.८ आलं, म्हणजे ६.४. बॉक्सवर लिहिलेलं ८ हे गाणं वाजतानाचं असते, मीटर नुसती कॉइलची तार मोजतो म्हणून ८ ओहमवाल्याला सहा-सातच्या मधातच आकडा येते, ४ ओहमवाल्याला साडेतीनच्या आसपास. पिन टेकवताना कर्र असा बारीक आवाजही आला. तार तुटली असती तर स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात नुसता १ दिसला असता. म्हणजे तो माणूस आम्हाला चांगला स्पीकर फेकायला सांगून रायला होता, खरंच लय राग आला मला.

मग ॲम्प्लिफायरच्या मागं डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल केल्या, तरी डावाच बॉक्स गप, म्हणजे ॲम्प्लिफायर ठीक. राहिली वायर. भाव वाढायची वाट पाहत कापूस खोलीतच पडला होता अन् वायर त्या ढिगाच्या मागून गेलेली, कापूस बाजूला सारला तर उंदरानं कुरतडून तांबं उघडं केलेलं, एक बाजू पूर्ण तुटलेली. जोडली, टेप मारला, दोन्ही बॉक्स वाजले.

पण बाबा म्हणाले ढोलकीत जीव नाही. अन् खरंच नव्हता, आवाज मोठा होता पण थाप पोटात लागतच नव्हती. इथं मीटर काही सांगत नाही, मीटरला उलटसुलट सारखंच. त्यासाठी भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढला, सेलचा प्लस स्पीकरच्या लाल टोकाला अन् मायनस काळ्याला, नुसतं टेकवून लगेच काढायचं, धरून ठेवायचं नाही. कोनाकडे, म्हणजे स्पीकरच्या पुढच्या हलणाऱ्या पडद्याकडे, बाजूनं पाहिलं की दिसते, उजवा टक करून बाहेर आला, डाव्या बॉक्सला जोडलेल्या वायरच्या टोकावरून हेच केलं तर कोन आत गेला. जोडताना मी वायर उलटी केली होती, एक स्पीकर हवा ढकलते तेव्हा दुसरा ओढते, मग जाड आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. सरळ केली अन् ढोलकी आली! बाबा त्या रात्री साडेदहापर्यंत बसले.

हेडफोनचंही सांगतो. बहीण पोलीस भरतीचे लेक्चर ऐकते, तिचा उजवा कान बंद. पहिले मोबाइलच्या सुलभता सेटिंगमधला डावा-उजवा बॅलन्स पाहा, तो एका बाजूला सरकलेला असते कधी कधी. मग मोबाइलचं जॅक, वेचणीच्या दिवसात खिशातून कापसाचे तंतू त्याच्यात दाबून बसतात, मोबाइल बंद करून लाकडी काडीनं हळू काढायचे, लोखंडी टाचणी नको. तरी नाही झालं तेव्हा प्लग मोजला. बिनमाइकवाल्या प्लगचं टोक डावा, मधली पट्टी उजवा अन् मागचा भाग दोघांचा कॉमन. डावा ३१, उजवा नुसता कोपऱ्यातला १ म्हणजे तुटलेला, पण प्लगजवळ वायर वाकवली की उजवाही ३१ दाखवून पुन्हा १. वायर तिथंच तुटली होती. दोन इंच कापून नवीन प्लग लावला. ह्या तारांवर लाखेसारखा रंग असते, तो गरम सोल्डरिंगनं जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही, माझा पहिला जोड त्यामुळंच सुटला.

ब्लूटूथवाल्याला मीटरचा उपयोग नाही. कॉइल घासून खरखर होत असेल तर तेही मीटरवर दिसत नाही, कोन चार बोटांनी सारखा दाबून कानानं ऐकावं लागते.

मीटरमधल्या खोड्या: पिनांच्या वायरी बारीक आहेत, मुळाशी तुटतील असं वाटते. आपोआप बंद होत नाही, एकदा रात्रभर चालू राहिला अन् बॅटरी गेली, अन् बॅटरी उतरली की आकडे चुकीचे येतात. ओहमवर ठेवून लाइटीच्या बोर्डात तर चुकूनही घालू नका, अन् शेतातल्या थ्री फेज मोटरवर मी हा लावत नाही, लावणारही नाही.

घेताना दुकानातच २०० वर ठेवून पिना टेकवून पाहा, अर्ध्या ओहमच्या आत येऊन आकडा एका जागी थांबला पाहिजे. उड्या मारत असेल तर दुसरा मागा.