वापरलेला डी८५० घेताना झालेली फसवणूक

तुळशीचे लग्न जवळ आले की वापरलेल्या कॅमेऱ्यांचा बाजार तेजीत येतो, कारण ऑर्डरी हातात असतात आणि जोडीला दुसरी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, हवी असते. गेल्या सीझनच्या तोंडावर मी याच बाजारातून निकॉनचा डी८५० घेतला आणि त्यात माझी पद्धतशीर फसवणूक झाली. ही लबाडी कॅमेऱ्यातल्याच सोयी वापरून केलेली असल्यामुळे अनुभवी छायाचित्रकारही तिला बळी पडू शकतो, म्हणून ती तपशीलवार लिहीत आहे.

२०१७ साली आलेल्या या कॅमेऱ्याला आजही मागणी आहे आणि ती रास्त आहे. ४५.७ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम सेन्सर, १५३ फोकस पॉइंट, ६४ इतका कमी मूळ आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) आणि एक्सक्यूडी व एसडी अशा दोन प्रकारच्या मेमरी कार्डांचे स्लॉट, हे सगळे आता निम्म्याहून कमी किमतीत मिळू लागले आहे. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो उतरवण्याची सोय तर लग्नाच्या कामात अनमोल आहे, कारण मंगलाष्टके पुन्हा होत नाहीत.

विक्रेत्याने आपण मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या नव्या धाटणीच्या कॅमेऱ्यांकडे, वळत असल्याचे सांगितले. बॉक्स होता, बिल मात्र हरवलेले होते. त्याने व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फोटो-फाइल, पाठवली. निकॉनच्या फाइलमध्ये शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा चालले तो आकडा, नोंदलेला असतो. तो अडतीस हजारांच्या आसपास दिसत होता. या बॉडीचे शटर कंपनीने दोन लाख वेळा चालवून तपासलेले असल्यामुळे आकडा समाधानकारक होता. प्रत्यक्ष भेटीत त्याने स्वतःची २४-७० एफ/२.८ लेन्स लावून, स्वतःचेच एसडी कार्ड घालून फोटो काढून दाखवले. स्क्रीनवर मोठे करून पाहिले तरी ते उत्तम शार्प होते. सव्वा लाख रुपये त्याच्या बँक खात्यात जमा झाल्यावर त्याने बॉडी दिली आणि लेन्स व कार्ड काढून घेतले.

घरी आल्यावर मी माझी ८५ मिलिमीटर एफ/१.८ लेन्स लावली आणि पुतणीचे काही पोर्ट्रेट काढले. फोकस डोळ्यावर धरलेला असूनही प्रत्येक फोटोत डोळे सॉफ्ट आणि कानांतल्या बुगड्या मात्र लख्ख शार्प येत होत्या. लाइव्ह व्ह्यू चालू करून, म्हणजे व्ह्यूफाइंडरला डोळा न लावता मागच्या स्क्रीनवर पाहून, तोच फोटो काढला, तर डोळे बरोबर आले. हा फरक फार बोलका आहे. व्ह्यूफाइंडरमधून पाहताना डीएसएलआरचा, म्हणजे अशा आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा, फोकस आरशामागून खाली वळवलेल्या प्रकाशावर, तळाशी बसवलेल्या वेगळ्या सेन्सरने ठरतो, तर लाइव्ह व्ह्यूमध्ये तो थेट मुख्य सेन्सरवरून ठरतो. बॉडी पडून आरशाची किंवा त्या यंत्रणेची बैठक किंचित जरी हलली, तरी पहिली पद्धत चुकते आणि दुसरी बरोबर राहते.

मग विक्रेत्याच्या लेन्सने काढलेले फोटो शार्प कसे आले, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर सेटअप मेन्यूमधल्या 'एएफ फाइन-ट्यून' मध्ये सापडले. एखादी लेन्स थोडी पुढे-मागे फोकस करत असेल तर उणे वीस ते अधिक वीस या मर्यादेत ती दुरुस्त करून, त्या लेन्सच्या नावे जपून ठेवण्याची ही सोय आहे. तिथल्या यादीत एकच लेन्स होती, २४-७०, आणि तिच्यापुढे उणे वीस हा टोकाचा आकडा होता. बॉडीचा बिघाड त्याच्या लेन्सपुरता झाकला गेला होता. माझ्या लेन्सची नोंदच नसल्यामुळे तो उघडा पडला.

त्यानंतर मी माझ्या फोटोची फाइल संगणकावर तपासली. तिच्यातला शटर काउंट दोन लाखांच्या पुढे होता. त्याने पाठवलेल्या फाइलमधला सीरियल नंबर माझ्या बॉडीवरच्या नंबरशी जुळत नव्हता, म्हणजे ती फाइल मुळात दुसऱ्याच कॅमेऱ्याची होती. एक्सक्यूडी कार्डाचा स्लॉटही बंद निघाला. ही कार्डे महाग असल्यामुळे भेटीला येताना ती कोणी खिशात घालून आणत नाही, हे विक्रेत्याला पक्के ठाऊक असावे. बॉडी जोरात आपटलेली असून बाहेरच्या कोणाकडून तरी उघडली गेली आहे, असे सर्व्हिस सेंटरने लेखी दिले.

तेव्हा अशी बॉडी घेताना आपली, शक्यतो मोठ्या ॲपर्चरची (प्रकाश आत येण्याच्या छिद्राची), लेन्स आणि दोन्ही प्रकारची कार्डे सोबत न्यावीत, त्यासाठी एक्सक्यूडी उसने आणावे लागले तरी चालेल. पैसे देण्यापूर्वी फाइन-ट्यून बंद करून व्ह्यूफाइंडर आणि लाइव्ह व्ह्यू असे दोन्हीकडून एकच दृश्य टिपावे, आणि आपण स्वतः तिथेच काढलेल्या फोटोतून शटर काउंट व सीरियल नंबर वाचावा. पावतीवर तो नंबर आणि विक्रेत्याची सही घ्यावी. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर व्यवहार तिथेच थांबवावा.

मी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत तक्रार दिली असून दोन्ही फाइली, बँकेचा उतारा आणि सर्व्हिस सेंटरचे पत्र तिला जोडले आहे. विक्रेत्याचा फोन बंद आहे. त्याच्या खात्याचा तपास सुरू आहे.